पान दोनशे बाराची चिठ्ठी

लिहून ठेवणार: उद्धव दत्तोपंत उमरीकर, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा पुस्तकविक्री, मूळ गाव उमरी, जिल्हा नांदेड, हल्ली मुक्काम लातूर.

लिहून घेणार: माझ्यामागे जो कोणी उमरीकर बुक डेपोचं कुलूप उघडेल तो.

कारणे लिहून ठेवतो की, माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या टेबलावर पेशंटसाठी ठेवलेलं मासिक तीन वर्षांपूर्वीचं आहे हेही सांगितलं. त्यांनी लगेच सही केली. मला कोणी धमकावलेलं नाही, दारू पाजलेली नाही, गोड बोलून फसवलेलं नाही. माझ्याशी गोड बोलणारं माणूस एकच होतं, माझी पत्नी सौदामिनी, आणि ती नऊ वर्षांपूर्वी गेली.

वकिलांनी दीड पानाचा मसुदा छापून दिला होता. त्यात माझं नाव सोडलं तर बाकी सगळं कुणालाही चालण्यासारखं होतं. मी तो परत केला आणि स्वतःच्या हाताने लिहायला बसलो. खाली लिहिलेली सर्व मिळकत माझी स्वकष्टार्जित आहे, तिच्यावर कुणाचा हक्क, हिस्सा, बोजा नाही. वडिलांकडून मला एक पितळी तांब्या आणि तापट स्वभाव एवढंच आलं. तांब्या हरवला.

कलम एक. घर आणि शिल्लक. राहतं घर, दोन खोल्या आणि वरची पत्र्याची खोली, माझी मुलगी भार्गवी हिला द्यावं. ती नांदेडला शिक्षिका आहे. आईच्या आजारपणात तिने दर शनिवारी बसने येऊन आईची वेणी घातली. माझा मुलगा सर्वेश पुण्याला असतो. त्याने त्याच काळात दर शनिवारी कॉम्प्युटरवरून तोंड दाखवलं. कॉम्प्युटरला वेणी घालता येत नाही. बँकेतली शिल्लक दोघांना निम्मी निम्मी. या मृत्युपत्राचा अंमल भार्गवीने करावा. ती माझ्याइतकीच तापट आहे आणि माझ्याहून खरी आहे.

कलम दोन. मागे काय करू नये. माझी शोकसभा घेऊ नये. चार वर्षांपूर्वी 'ई-पुस्तकांच्या युगात पुस्तकांच्या दुकानांचं भवितव्य' या विषयावर एका सभागृहात परिसंवाद झाला. मला नमुना म्हणून मंचावर बसवलं होतं. एक गृहस्थ कोऱ्या पुस्तकाच्या वासावर वीस मिनिटं गहिवरून बोलले. ते माझ्या दुकानात आजवर एकदाही आलेले नाहीत. दाराशी मी पुस्तकांचं टेबल लावलं होतं, त्याला वळसा घालून दीडशे माणसं चहाकडे गेली. ज्यांना वासच हवा आहे त्यांनी अत्तराच्या दुकानात जावं. शेवटी मला शाल, श्रीफळ आणि ई-पुस्तकं वाचायची, हजार पुस्तकं मावणारी एक पाटी भेट दिली. शाल ठेवली, नारळाची चटणी केली. पाटी कपाटात आहे, तिचा उल्लेख पुढे येईल.

हीच माणसं माझ्या शोकसभेला येतील आणि 'ज्ञानाचा दिवा विझला' म्हणतील. भार्गवीने त्यांना दारातूनच परत पाठवावं.

कलम तीन. दुकान. गंजगोलाईच्या मागच्या रस्त्यावरचं माझ्या मालकीचं दुकान, वरच्या माळ्यासह, आतल्या सगळ्या पुस्तकांसह (कलम पाचमधलं एक सोडून), काउंटर, शिडी आणि गल्ल्यामागच्या खुर्चीसह, अयोध्या देविदास बिराजदार यांना द्यावं. त्या लोहा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, वय सेहेचाळीस.

त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. हे वाचून सर्वेशच्या मनात जे येईल ते तसं नाही. आहे ते त्याहून वाईट आहे आणि कलम सातमध्ये लिहिलं आहे. मधली कलमं गाळून कुणी थेट सातव्यावर जाऊ नये. ही गाइडं वाचणाऱ्यांची सवय आहे.

शिडी खरं तर मला शेजारच्या ईश्वरप्पा बाइंडरला द्यायची होती. पण तो या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देऊ नये असं वकील म्हणाले. ईश्वरप्पा म्हणाला, "मग साक्षीदार दुसरा बघा की." मी म्हटलं, दुसरा माणूस मिळतो, शिडी विकतही मिळते, तू गप सही कर.

कलम चार. दुकानाचा नियम. मी तेरा वर्षांचा असताना नांदेडच्या एका दुकानात उभं राहून पुस्तक वाचत असे. चार दिवस मालक काही बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने माझ्या हातातून पुस्तक ओढलं आणि भरल्या दुकानात म्हणाला, "ए उमरीच्या, बापाची पेंड हाय का? चल निघ हितून." त्या पुस्तकाचा शेवट मला अजून माहीत नाही. त्या माणसाला मी माफ केलेलं नाही, तो वारला तरी नाही.

१९७१ साली लातुरात दुकान काढलं, तेव्हा पहिल्याच दिवशी पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं. ज्याला विकत घेणं जमत नाही त्याने उभ्याने वाचावं. बसायचं नाही, पान दुमडायचं नाही, थुंकी लावून पान उलटायचं नाही. जाताना आपलं नाव आणि पानाचा आकडा लिहून चिठ्ठी आत ठेवावी. चिठ्ठी असलेलं पुस्तक विकलं जाणार नाही. चिठ्ठी ज्याची त्यानेच काढायची.

लोक हसले. हा धंदा करायलाय का अन्नछत्र चालवायलाय, असं म्हणाले. एका तहसीलदाराने चिठ्ठीचं पुस्तक मागितलं, मी दिलं नाही, तर त्याने मला रेशनकार्डासाठी सात महिने फिरवलं. मी फिरलो. त्या पुस्तकात एका हमालाची चिठ्ठी होती, त्याने ते पाच महिन्यांत संपवलं आणि स्वतःच्या हाताने चिठ्ठी काढून मला दाखवली. हा नियम मी आयुष्यात एकदाच मोडला.

कलम पाच. कोचिंग, गाइडं आणि मिहिर सर. इथे मी साधूचा आव आणणार नाही. नव्वदनंतर बाहेरगावची पोरं लातुरात शिकायला येऊ लागली. घरोघरी खोल्या भाड्याने गेल्या, जिन्याखालीसुद्धा पोरं राहू लागली. मी पुढची चार रॅकं गाइडांना दिली, कथा-कादंबऱ्या मागे ढकलल्या, कविता माळ्यावर टाकल्या. जूनमध्ये काउंटरला इतकी गर्दी असे की मी दुपारचा डबा संध्याकाळी खात असे. सर्वेशचं इंजिनिअरिंग आणि भार्गवीचं लग्न त्याच गाइडांवर झालं. तेव्हा मला कुणी भवितव्याबद्दल विचारलं असतं तर मी त्याला सुट्टे पैसे देऊन बाजूला हो म्हटलं असतं.

मग क्लासवाल्यांनी आपापल्या नोट्स छापल्या. रेल्वेने लातूरला पाणी आलं त्या उन्हाळ्यानंतर एकेकाने नोट्सही बंद केल्या आणि पोरांच्या हातात टॅब दिले. माझी पुढची चार रॅकं दोन वर्षांत ओस पडली. ज्यांच्यासाठी मी माझी खरी पुस्तकं मागे ढकलली होती, त्यांनी मला मागे ढकललं.

त्यांच्यात पहिला आमचा मिहिर. आता मिहिर सर म्हणायचं. नायगावचं पोरगं, चप्पल बाहेर काढून दुकानात येत असे, भौतिकशास्त्राचं जाडजूड पुस्तक पायावर पाय ठेवून वाचत असे. आज त्याच्या क्लासच्या पाच मजली इमारतीवर त्याचा स्वतःचाच फोटो आहे. गेल्या वर्षी पेढे घेऊन आला.

"काका, दुकान मला द्या. सर्वेशदादांशी बोलणं झालंय. शंभर खुर्च्यांची अभ्यासिका काढतो. एसी टाकतो. नाव बी तुमचंच ठिवतो."

"आणि पुस्तकं?"

"पुस्तकं कशाला? पोरं टॅब घिऊन येत्यात. आमची पोरं पुस्तक वाचत न्हाईत काका, सोडवतात."

मी पेढा खाल्ला. पेढ्याशी माझं वैर नाही. मिहिर सरांना माझ्या मिळकतीतून पुढील वस्तू द्यावी: भौतिकशास्त्राचं ते पुस्तक, आत त्यांच्याच अक्षरातली चिठ्ठी आहे, पान एकोणनव्वद. पुढचं वाचायचं राहिलं आहे.

आणि जी माणसं दुकानात येऊन, पुस्तक चाळून, मुखपृष्ठाचा फोटो काढून माझ्या डोळ्यांदेखत फोनवरून तेच पुस्तक मागवतात, त्यांना मी काहीही ठेवत नाही.

कलम सहा. सर्वेश. माझा मुलगा मराठी पुस्तकं फोनवर आणणाऱ्या एका कंपनीत आहे. म्हणजे वखारवाल्याच्या पोटी वणवा जन्मला. तो घरी आला की मला समजावतो.

"बाबा, पुस्तक मरत नाही. फक्त शरीर बदलतं."

"माणसाचंही तसंच म्हणतात," मी म्हटलं. "म्हणून काय जिवंतपणी जाळायचं?"

गेल्या वर्षी दिवाळीआधी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन नांदेडला झालं आणि मी दहा दिवस भार्गवीकडे होतो. त्या दहा दिवसांत सर्वेशने दुकान उघडलं आणि हक्क संपलेली, कुठेच मिळत नसलेली एकशे चाळीस जुनी पुस्तकं पुण्याला नेली. मला आनंदाचा धक्का द्यायचा होता म्हणे. ती पुस्तकं मशिनीतून जावीत म्हणून प्रत्येकाची पाठ सुरीने कापली. परत आली तेव्हा एकेक पुस्तक सुट्ट्या पानांचा गठ्ठा झालं होतं, वर रबर लावलेलं.

"आता ही कायमची वाचली, बाबा," तो म्हणाला.

मी त्याच्याशी अकरा महिने बोललो नाही. ईश्वरप्पाने सगळे गठ्ठे पुन्हा शिवून दिले, पण कापलेली कड परत येत नाही, त्यामुळे ओळींची सुरुवात शिवणीत जाते. त्या एकशे चाळिसांत एक पुस्तक असं होतं, की ते कापल्याचं कळल्यावर मला घेरी आली होती. सर्वेशला वाटलं ऑपरेशनमुळे आली.

कलम सात. अयोध्या. त्या पुस्तकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की सर्वेश फोन काढून 'हे बघा, आहे' म्हणेल. निजामाच्या काळात हैदराबादेत छापलेली एक अनुवादित कादंबरी, एवढं पुरे. हैदराबादचं एक मराठी दुकान बंद पडलं तेव्हा त्यांचा साठा मी ट्रकने आणला होता, त्यात ती एकच प्रत आली.

१९९३ च्या पावसाळ्यात अकरावीतली एक मुलगी रोज दुपारी चारला येऊन तिसऱ्या रॅकपाशी उभी राहू लागली. औसा तालुक्यातल्या गावची, इथे वसतिगृहात राहणारी. वाचताना ओठ हलत असत. कधी मध्येच मोठ्याने "आगं माय!" म्हणे आणि गिऱ्हाइकं वळून बघत. चिठ्ठी व्यवस्थित घडी घालून ठेवत असे: अयोध्या देविदास बिराजदार, आणि खाली पान. अठ्ठावीस सप्टेंबरला, मंगळवारी, तिने शेवटची चिठ्ठी ठेवली. पान दोनशे बारा.

"काका, गावाकडं चालले. गणपती बुडवून शुक्रवारी येते. कुणी मागितलं तर देऊ नका."

"चिठ्ठी हाय ना आत? मग कोण देतंय," मी म्हटलं.

गुरुवारी पहाटे भूकंप झाला.

लातुरात आम्ही रस्त्यावर आलो. दुकानाच्या भिंतीला एक चीर पडली, ती अजून आहे. सोमवारी भाकरीच्या ट्रकवर बसून मी तिच्या गावाला गेलो. गाव म्हणून काही राहिलेलं नव्हतं. बाहेर पत्र्याच्या शेडला नावांचे कागद चिकटवले होते. देविदास बिराजदार, सहकुटुंब. मी ते तीनदा वाचलं. जवान तोंडाला फडकी बांधून दगड उपसत होते. मला तिथे उभं राहवेना. मी कुणालाही काही न विचारता त्याच ट्रकने परत आलो.

नोव्हेंबरात एक निवृत्त मुख्याध्यापक आले. पंचवीस वर्षं ते हेच पुस्तक शोधत होते. त्यांनी ते हातात घेतलं आणि त्यांचे डोळे भरून आले. मी चिठ्ठी काढली, माझ्या पाकिटात ठेवली आणि पुस्तक विकलं.

सौदामिनी त्या वेळी दुकानात होती. ती म्हणाली, "वर्ष तरी होऊ द्या की. घरात माणूस गेलं तर वर्षभर सण करत नाहीत आपण, तुम्हाला दोन महिने एक पुस्तक ठेववत नाही?"

"मेलेलं माणूस वाचायला येत नसतं," मी म्हटलं.

पुढच्या जूनमध्ये, दुपारी चार वाजता, अयोध्या दुकानात आली. कुबडीवर. ती आठ महिने सोलापूरच्या दवाखान्यात होती. तिला पहिल्याच दिवशी बेशुद्धीत उचलून नेलं होतं आणि गावात तिची नोंद करणारं कुणी उरलं नव्हतं. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. माझ्याकडे न बघता ती सरळ तिसऱ्या रॅकपाशी गेली आणि शोधू लागली. मी काउंटरला धरून उभा राहिलो.

"काका, माझी चिठ्ठी हितंच ठिवली व्हती."

तिने पुस्तक विचारलं नाही, चिठ्ठी विचारली. आणि चिठ्ठी माझ्या छातीवरच्या खिशात होती. त्या वेळी मी म्हणू शकलो असतो की पोरी, मी तुला मेली समजलो. पायावर डोकं ठेवू शकलो असतो. मी म्हणालो, "भूकंपात ते रॅक पडलं. वरचा माठ फुटला. त्यातली सगळी पुस्तकं भिजून गेली."

जिचं सगळं घर गेलं होतं, तिला मी हे सांगितलं.

ती म्हणाली, "जाऊ द्या काका. तुमचं बी लई नुकसान झालं की." आणि कुबडी काखेत धरून, जे रॅक कधी पडलंच नव्हतं, त्याच्यावरची धूळ तिने ओढणीने पुसली.

ती पुन्हा दुकानात आली नाही. पुढे शिकली, नोकरीला लागली. २००२ पासून दर जूनला तिचं पत्र येतं, शाळेसाठी गोष्टीच्या पुस्तकांची यादी असते आणि शेवटी एक ओळ असते: ते पुस्तक कुठून परत आलं तर कळवा. मी यादीतली पुस्तकं पाठवतो आणि बिलाखाली लिहितो: अद्याप नाही.

२००९ साली ते मुख्याध्यापक वारले. मुलांनी त्यांची पुस्तकं रद्दीत घातली. रद्दीवाल्याने मला बोलावलं आणि ढिगात ती प्रत मिळाली. मी ती दुकानात आणली, दोनशे बारा पानावर तिची चिठ्ठी ठेवली, तिसऱ्या रॅकमध्ये उभी केली. सौदामिनी म्हणाली, "आता तरी पाठवा." मी पहिलं पान उघडून दाखवलं. त्यावर मुख्याध्यापकांचं वळणदार अक्षर होतं: उमरीकरांकडून, लातूर, एकवीस नोव्हेंबर १९९३. भूकंपानंतरची तारीख. ते पान वाचलं की अयोध्येला सगळं कळणार होतं.

"मग फाडा ते पान," सौदामिनी चिडून म्हणाली.

माझ्याने पुस्तकाचं पान फाडवलं नाही. खोटं मात्र मी त्यानंतरही तेरा वेळा लिहिलं, अद्याप नाही, पुस्तक माझ्या पाठीमागे दहा पावलांवर असताना.

तेच पुस्तक सर्वेशने कापलं. गठ्ठा परत आला त्यात चिठ्ठी नव्हती. विचारलं तर म्हणाला, "कागदाचा तुकडा असेल, बाबा, टाकला असेल कुणी. पुस्तक तर पूर्ण आहे."

कलम आठ. चिठ्ठी. गेल्या महिन्यात भार्गवीचा नांदेडहून फोन आला. ती तेच पुस्तक रोज झोपताना फोनवर वाचत होती. भावाच्या कंपनीचं म्हणून उघडलं होतं.

"बाबा, दोनशे बारा पानानंतर कुणाची तरी चिठ्ठी आहे. अयोध्या कोण?"

मी म्हटलं, "काय आहे?"

"चिठ्ठीचा फोटो आहे. घडीच्या रेघा दिसतात. खाली लोकांनी लिहिलंय, ही अयोध्या कोण, तिने पुढचं वाचलं का? पुष्कळ जणांनी विचारलंय, बाबा."

मी कपाटातून ती परिसंवादातली पाटी काढली. चालू कशी करायची ते शेजारच्या उमादेवींना विचारलं. त्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या. त्यांनी पुस्तक काढून दिलं. दोनशे बारा पान आलं, मी बोट सरकवलं, आणि तिचं अक्षर आलं. मशिनीने पानांबरोबर चिठ्ठीही ओढली होती. कुणी लक्षच दिलं नव्हतं.

मला या पाटीचा राग आहे. आजही आहे. तिने माझं दुकान खाल्लं. पण खरं ते लिहिणं भाग आहे: ती चिठ्ठी मी काढली होती, मशिनीने काढली नाही. मी त्या रात्री जेवलो नाही.

सर्वेशशी बोललो. अकरा महिन्यांनी मी आपणहून फोन केला म्हणून तो घाबरला. सांगितल्यावर म्हणाला, "हो बाबा, ती चूक आमच्या लक्षात आली आहे. पुढच्या आठवड्यात काढून टाकतो."

मी इतका ओरडलो की ईश्वरप्पा बाइंडिंग सोडून धावत आला.

म्हणून सर्वेश यास मी पुढीलप्रमाणे देतो. त्या एकशे चाळीस पुस्तकांच्या त्याने केलेल्या प्रतींना माझी, उशिराने का होईना, संमती देतो. अट एकच. दोनशे बारा पानानंतरची चिठ्ठी काढायची नाही. कंपनी विकली गेली, फोन बदलले, ही पाटीही माझ्यासारखी अडगळ झाली, तरी पुस्तक जिथे नेशील तिथे चिठ्ठी न्यायची. चिठ्ठी ज्याची त्यानेच काढायची. हा आपल्या दुकानाचा नियम आहे आणि बापाने मोडला म्हणून मुलाने मोडावा असं नाही.

कलम नऊ. अयोध्याबाईंना. दुकानाला कोणतीही अट नाही. चालवा, पाडा, मिहिर सरांना विकून शाळेला इमारत बांधा. तुम्हाला दुकान दिलं म्हणजे माझं फिटलं असं मी समजत नाही. ते पुस्तक काउंटरच्या खणात आहे, पहिल्या पानासकट. शिवणीत गेलेली अक्षरं वाचायची असतील तर पाटी शेजारीच आहे.

मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचायचं असतं. तसं केलं तर माझं सोपं आहे, तुम्हाला ओरडायला समोर कुणी राहत नाही. मी एकदा नावांचा कागद वाचून, चौकशी न करता परत फिरलो. दुसऱ्यांदा कागदाआड लपणार नाही. या मृत्युपत्राची झेरॉक्स आज रजिस्टर पोस्टाने तुम्हाला पाठवत आहे. उमादेवी ती पोस्टात नेतील. मागाहून मी पाकीट परत मागितलं तरी त्यांनी देऊ नये.

अयोध्याबाई, रॅक पडलं नव्हतं. माठही फुटला नव्हता. ते पुस्तक परत आलं आहे. दुकान सकाळी नऊ ते रात्री आठ उघडं असतं आणि मी अजून जिवंत आहे.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं, पुन्हा वाचलं, खाडाखोड जिथे आहे तिथे आद्याक्षरं केली, आणि खाली नावं असलेल्या दोघांसमोर सही केली.

स्थळ: उमरीकर बुक डेपो, लातूर
तारीख: चौदा डिसेंबर दोन हजार बावीस
(सही) उद्धव दत्तोपंत उमरीकर

साक्षीदार पहिला: ईश्वरप्पा गुरुपादप्पा, धंदा बाइंडिंग, राहणार लातूर. सही माझ्यासमोर झाली. सातवं कलम लिहिताना उद्धवराव दोनदा उठून मागच्या रॅकपाशी जाऊन आले. शुद्धीत होते. शिडी मला नको. (सही)

साक्षीदार दुसरी: उमादेवी, सेवानिवृत्त ग्रंथपाल, राहणार लातूर. सही माझ्यासमोर झाली व मीही त्यांच्यासमोर केली. (सही) पुढचं पोस्टातून परत येऊन लिहिते. मी पाकीट घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले, तेव्हा उद्धवराव अनवाणी मागे धावत आले आणि भर रस्त्यात त्यांनी पाकीट परत मागितलं. मी दिलं नाही. पोस्टाची पावती काउंटरच्या खणात, पुस्तकात ठेवली आहे. पान दोनशे बारा. (सही)